बाबांचं जन्मगाव

शाळेच्या ऑफिसात माझं काम कागदात खोट काढायचं. सोहारमधल्या एका भारतीय शाळेत मी ॲडमिशनचे अर्ज तपासायचे आणि पालक मला वचकून असायचे. जन्मदाखल्यावर एक गाव आणि पासपोर्टवर दुसरं, असं दिसलं की मी फाइल सरळ परत सरकवायचे. 'मॅडम, तालुका एकच आहे हो,' असं कुणी काकुळतीला येऊन म्हटलं तरी हलायचे नाही. नवरा चिडवायचा, 'तू इमिग्रेशनला हवी होतीस, अर्धं गल्फ रिकामं केलं असतंस.' तेव्हा आमच्या घरात असं थट्टेत बोलता येत होतं.

मग तेलाचे भाव पडले आणि थट्टा बंद झाली. नवरा बंदराजवळच्या धातूच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता, चौदा वर्षं. मूळचा चिपळूणचा, शांत माणूस. त्या हिवाळ्यात तो दर आठवड्याला घरी येऊन एक नवं नाव सांगायचा. 'तोही खलास.' ज्याचं नाव सांगितलं तो महिन्याभरात बायकापोरांसकट निघून जायचा आणि त्याच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले माझ्याच टेबलावरून जायचे. नोकरी गेली की व्हिसा गेला, कंपनीने एनओसी दिली नाही तर दोन वर्षं परत यायचं नाही. लेक नववीत होती, इथेच जन्मलेली, मराठी वाचताना अडखळणारी. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपणार होतं. विचारायला गेला की एचआरवाला हसून 'इन्शाल्ला' म्हणायचा. त्या शब्दाची मला त्याआधी कधी भीती वाटली नव्हती.

सुटकेचा एक रस्ता होता आणि तो म्हणजे मी. माझं माहेर गोव्यातलं, पेडण्याच्या बाजूचं, तेरेखोल नदीच्या काठावरचं. गोवा पोर्तुगीजांकडे असताना जो तिथे जन्मला, त्याला आणि त्याच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, हे आखातातल्या प्रत्येक गोवेकराला पाठ झालं होतं. आधी बापाचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग आपला. एकदा तो लाल पासपोर्ट हातात आला की युरोपात कुठेही जाऊन राहा. माझ्या धाकट्या काकांची मुलं तर केव्हाच लंडनला पोचली होती. तीच नदी, तेच घर, तोच आजोबा. 'आपल्या घरात एकच पोर्तुगीज आणि ती मेथीची भाजी निवडत बसलीय,' नवरा म्हणाला. हसला नाही.

मी पणजीच्या एजंटला फोन केला. त्याने बाबांच्या जन्माची जुनी नोंद शोधून काढली, पोर्तुगीजमधली, वळणदार अक्षरातली, वर भाषांतर जोडलेली. मी ती माझ्या सवयीने तपासली. नाव बरोबर, आईबापांची नावं बरोबर, जन्म गावच्या घरातच, बाबांच्या भारतीय पासपोर्टवरही तेच गाव. खोट काही नव्हती. आता बाबांनी एका मुखत्यारपत्रावर सही करायची, ती मस्कतमध्ये भारतीय दूतावासाच्या साक्षांकनाच्या ऑफिसात एका अधिकाऱ्यासमोर, एवढंच उरलं होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं, बाबा एकटे होते, आणि ही सही गावाकडे न होता माझ्या डोळ्यांसमोर व्हावी असं मला वाटत होतं. व्हिजिट व्हिसावर त्यांना सोहारला बोलावून घेतलं. 'हवापालट' असं मी फोनवर म्हटलं होतं, सहीचं ते आल्यावर सांगितलं. याची मला आजही लाज वाटते.

बाबा निवृत्त मराठी मास्तर. गावात त्यांचा आवाज अजून देवळाच्या पायरीवरून तिठ्यापर्यंत जातो. पण सहीचं ऐकलं आणि ते मिटून गेले. जेवताना वर बघायचे नाहीत. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात घालून घरात वावरायचे, झोपतानाही तो उशीखाली. लेक म्हणाली, 'आई, आजोबा स्केअर्ड आहेत का? बेल वाजली की ते बाथरूममध्ये जातात.' मी तिला म्हटलं, काहीतरीच. पण मीही ते पाहिलं होतं. पाण्याच्या बाटल्या घेऊन येणारा माणूस दार वाजवायचा आणि बाबा आतल्या आत वाळायचे. मला वाटलं, बाबांच्याही कानावर ती अफवा आली असणार. तिकडे नाव नोंदलं की इकडचं नागरिकत्व जातं, पेन्शन थांबते, मतदारयादीतून नाव उडतं. कारखान्यातल्या एका गोवेकराचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला तो अडकून पडला होता, का ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं आणि प्रत्येकजण वेगळं सांगत होता. मी बाबांना समजावलं की एजंट म्हणतो तसं काही होत नाही. खरं काय ते मलाही माहीत नव्हतं.

मग तो शुक्रवार आला. दुपार कलल्यावर आम्ही सोहारच्या मासळीबाजाराजवळ समुद्रावर गेलो. नवऱ्याने घाईत गाडी जिथे नको तिथे लावली होती. एक पोलीस आला, विशी-बाविशीचा पोरगा, अगदी नम्र. त्याने नवऱ्याकडे मुल्किया, म्हणजे गाडीचे कागद आणि त्याचं रेसिडेन्ट कार्ड मागितलं. बाबा पलीकडे कठड्याशी उभे होते. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. पण गणवेश दिसला आणि सत्तरीला टेकलेला माझा बाप टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखा मोठ्याने ओरडला, 'हयसरच! मी हयसरच जन्मलंय!'

इथेच. मी इथेच जन्मलोय. ओमानच्या समुद्रावर उभं राहून.

पोलीस गोंधळला. 'बाबा तमाम?' बरे आहेत ना, असं त्याने नवऱ्याला विचारलं आणि आपल्या गाडीतून पाण्याची बाटली आणून बाबांच्या हातात दिली. दंडही केला नाही. बाबांना बाटली धरता येत नव्हती. मी ती उघडून त्यांच्या ओठांना लावली तेव्हा त्यांचे दात बाटलीच्या तोंडावर वाजत होते.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, स्वयंपाकघरात, मी चहा टाकत असताना. आमच्याकडची कोकणी-मालवणी ते फक्त माझ्याशी बोलत.

'माझो जन्म थय झालोच नाय, बाये. पलीकडे झालो. आवशीच्या म्हायेराक.'

मी गॅस बंद केला. पलीकडे म्हणजे नदीच्या पलीकडे, सावंतवाडीच्या हद्दीत. माझ्या आजीचं माहेर तिथलं. होडीने पाव तासाचं अंतर. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, दीड-दोन महिन्यांचं बाळ घेऊन परत येते. बाबा थोरले. ते पलीकडे झाले. धाकटे काका दुसऱ्या खेपेचे, म्हणून घरात झाले. इतकी साधी गोष्ट माझ्या, कागद तपासणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नव्हती. आजोबांनी मुलगा घरी आल्यावर नोंद केली आणि जन्म आपल्या घरातलाच लिहून टाकला. त्यात फसवण्याचा विचार नव्हता. मुलगा बापाच्या घरचा, मग गाव दुसऱ्याचं कशाला लिहायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

'तेवा नदी ही नुसती नदी होती,' बाबा म्हणाले.

पुढे ती तशी राहिली नाही. बाबा सात वर्षांचे असताना भारताने नाकेबंदी केली. पलीकडचा तांदूळ यायचा थांबला, साखर थांबली, येणंजाणं परवान्यावर आलं. गावात रोज नवी वदंता. कुणी म्हणे पुढच्या आठवड्यात भारताचं लष्कर उतरणार, कुणी म्हणे पोर्तुगीज शंभर वर्षं हलत नाहीत, कुणी म्हणे जाताना पूल उडवतील आणि तरण्या पोरांना आफ्रिकेला नेतील. आजोबा दोन्ही बाजूंना मान डोलवायचे आणि घरी येऊन दाराला आतून फळी लावायचे. आपण उद्या कुणाचे असणार हे त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारायची चोरी होती.

हे सगळं सुरू झालं तेव्हा आजी बाबांना घेऊन माहेरी गेलेली होती, तिची आई अंथरुणावर होती म्हणून. म्हातारी गेली, दिवस झाले, आणि परत यायला निघाली तर इकडच्या काठावर पोर्तुगीजांची चौकी बसलेली. इकडच्या नोंदीत ज्याचं नाव तोच आत, बाकीचे परत. पलीकडून येणारा प्रत्येकजण त्यांना भारताचा हेर वाटत होता. होडीत मोजून सहा माणसं. आजीने पूर्ण वाटभर बाबांचा उजवा दंड धरून ठेवला होता आणि तेच तेच पढवत होती. विचारलं कुठे जन्मलास तर काय सांगशील? हयसरच. बाबा चुकून पलीकडे बघायचे, की ती दंडाला चिमटा घ्यायची. काठावर दुभाष्याने खरोखरच विचारलं. बाबा ताठ उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, 'हयसरच! मी हयसरच जन्मलंय!' दुभाष्या हसला. त्यांना आत सोडलं.

'आनी मागसून येक बायल होती,' बाबा म्हणाले आणि थांबले. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. 'शेजारच्या वाडयेतली. तिचो झील माझ्यापेक्षा ल्हान. तेका विचारल्यानी. तेनी सांगल्यान, आजयेच्या घराक.'

त्याला कुणी पढवलं नव्हतं. तो खरं बोलला. त्या बाईला आणि मुलाला त्याच होडीतून परत पाठवलं. तिचा नवरा इकडच्या काठावर न्यायला आला होता, तो चिखलात गुडघाभर उतरून ओरडत राहिला. गोवा भारतात आला तोपर्यंत सहा वर्षं गेली. नंतर ते पोर बाबांच्याच वर्गात आलं, त्यांच्याच बाकावर बसायचं. स्वतःच्या बापाला ते परक्या माणसासारखं 'तुमी' म्हणायचं. बाबा त्याच्याकडे कधी सरळ बघू शकले नाहीत.

'तो खरा बोललो आनी भायर रवलो. मी खोटा बोललंय आनी घरात रवलंय.'

भारत आल्यावर तरी आजोबांनी ते दुरुस्त करून घ्यायचं, पण ते आणखी घाबरले. आता हे नवे लोक म्हणतील, पोर्तुगीजांना खोटं सांगितलंस, उद्या आम्हालाही सांगशील. त्यांनी बाबांना बजावलं, आता हेच राहू दे, कुणाला बोलायचं नाही. बाबा मास्तर झाले, लग्न झालं, पासपोर्ट काढला, सगळीकडे तेच गाव लिहीत गेले. आणि प्रत्येक फॉर्मच्या वेळी आता पकडणार म्हणून वाट बघत राहिले. आईलासुद्धा हे माहीत नव्हतं.

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मला मार्च दिसत होता. लेकीचा दाखला मलाच लिहावा लागणार, तो दिसत होता. मी म्हटलं, 'बाबा, पण हे जाणणारा आता कोण आसा? सगळी गेली. एकदा सांगलात ना? मगे आनी एकदा सांगा.'

बोलून गेले आणि मला माझाच राग आला. बाबांनी नुसती मान हलवली, होकाराची. चहा तसाच राहिला.

नवऱ्याला मी अर्धंच सांगितलं, जन्म पलीकडचा एवढंच, होडीतल्या त्या दुसऱ्या पोराचं नाही. तो म्हणाला, 'कागद ओरिजिनल आहे ना? तिथल्या रजिस्टरमध्ये तसंच आहे ना? मग आपण कुठे खोटं बोलतोय? पेपर बोलतोय.' तो वाईट माणूस नाही. त्याच्या शिफ्टमध्ये आठजण होते, त्या आठवड्यात पाच उरले होते. रात्रभर तो जागा असतो हे मला त्याच्या श्वासावरून कळायचं. मी वाद घातला नाही, रविवारसाठी कागद फाइलला लावून ठेवले.

रविवारी सकाळी आम्ही मस्कतला निघालो. अडीच तासांचा रस्ता. बाबा मागे बसले होते, धुतलेला सदरा, दाढी करताना हनुवटीवर कापलेलं. बाटिनाच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर दोनदा पोलिसांची गाडी दिसली आणि दोन्ही वेळा मी आरशात बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. मला वाटलं जप करतायत. जप नव्हता, ते तो शब्द घोकत होते.

ऑफिसच्या बाहेर पार्किंग नव्हतं, म्हणून नवरा गाडीतच थांबला. आत टोकन, खुर्च्या, एसीची थंडी. आमच्या पुढे चारजण. मी बाबांना हळू आवाजात सांगत होते, फार बोलू नका, विचारतील तेवढंच, पासपोर्टवर आहे तेच. तीन उरले, दोन उरले. आमचा नंबर लागला तेव्हा बाबा उठले आणि तसेच उभे राहून माझ्या हाताकडे बघायला लागले. मी त्यांचा उजवा दंड धरला होता. कधीपासून ते मला माहीत नाही. माझी बोटं त्यांच्या मांसात रुतली होती.

'आवशीनपण हयच धरल्यान होतो,' ते म्हणाले.

मी हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

काउंटरवरचा माणूस पन्नाशीचा, उत्तरेकडचा, हिंदीत बोलणारा. त्याने पासपोर्ट उघडला, मुखत्यारपत्र वाचलं, चष्म्यावरून बघितलं. 'अंकल, समझ के साइन कर रहे हैं ना? अपनी मर्ज़ी से?' बाबांनी मान हलवली. 'पैदाइश यहीं की है, जो लिखा है?' तो सगळ्या म्हाताऱ्यांना हे विचारत असावा, कागद बघता बघता, सहज. बाबा ताठ उभे राहिले. टाचा जुळल्या, हात मांड्यांना लागले. मी डोळे मिटून घेतले आणि शब्द कानावर पडायची वाट बघू लागले.

'नहीं,' बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. 'नदी के उस पार.'

मी डोळे उघडले. तो माणूस बाबांकडे बघत होता. मग त्याने पासपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढे सगळं येऊन गेलं: पासपोर्ट जप्त झालेला, बाबा परक्या देशात कागदाशिवाय उभे, विमानतळावर त्यांना बाजूला घेतलेलं, आणि हे सगळं मी केलेलं. त्याने पासपोर्ट मिटला, मुखत्यारपत्रावर ठेवला आणि दोन्ही आमच्याकडे सरकवले. मी शाळेत सरकवते अगदी तसे. 'बेटी, मैंने कुछ सुना नहीं,' तो मला म्हणाला. 'ये ले जाओ. अंकल को घर ले जाओ.' आणि पुढचा नंबर दाबला.

बाहेर ऊन लख्ख होतं. बाबा पायऱ्या उतरले ते माझा हात न धरता. पासपोर्ट त्यांनी माझ्या पर्समध्ये टाकला, आतल्या खिशात ठेवला नाही. त्यांचा चेहरा मला ओळखूच येईना, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, माझ्या लग्नातसुद्धा नाही. आणि मी पर्सची चेन दोनदा लावून बघितली. त्यांच्या अंगातून जे गेलं होतं ते माझ्यात शिरलं होतं. मार्च, दाखला, कारखान्यातले रिकामे लॉकर, तो लाल पासपोर्ट जो आता कधीच येणार नव्हता. गाडीत नवरा इंजिन चालू ठेवून बसला होता. आम्हाला येताना बघून तो सरसावून बसला आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं की मला ते बघवेना.

आम्ही बसलो. दारं लागली.

'झालं?' त्याने विचारलं.

'हो,' मी म्हणाले. 'झालं.'

तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला. 'यल्ला, मग जेवूया कुठेतरी,' म्हणाला आणि गिअर टाकला. गाडी सिग्नलपर्यंत गेली असेल नसेल, मागून बाबांचा हात आला. त्यांनी माझा दंड धरला नाही, खांद्यावर नुसता हात ठेवला, जड, कोरडा, मास्तरचा.

'बाये,' ते म्हणाले, 'तू तरी नको.'

मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.